जोडधंदा, कर्ज आणि विम्याचा कागद

भिवंडी तालुक्यांत ज्याच्या बांधाला पक्का रस्ता लागला, त्या शेतकऱ्यानें गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एखादा जोडधंदा काढला नाहीं असें उदाहरण मुद्दाम शोधावें लागेल. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ या बाजूस गाळे उभे राहिले. शहरालगत यंत्रमागांच्या शेडी वाढल्या. पडघ्याकडे कोणीं भातगिरणी घातली, तर कोणीं कर्जानें टेंपो घेतला. धंदा काढतांना जागा, वीज, कर्ज, ग्रामपंचायतीचा दाखला या सर्वांची चौकशी जो तो कसोशीनें करतो. विम्याची चौकशी मात्र "किती भरावे लागतील?" या एकाच प्रश्नावर संपते. हा प्रश्न गैर आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण तो शेवटीं विचारावयाचा आहे. आधींचा प्रश्न असा कीं, हा विमा मागतो कोण, आणि तो कोणाच्या रक्षणासाठीं मागतो? हा प्रश्न न विचारल्यामुळें आमच्या घरांत काय झालें तें आम्ही पुढें सांगणारच आहोंत.

शेतकऱ्याच्या मनांतील विम्याची कल्पना पीकविम्यावरून बनलेली आहे, आणि घोटाळ्याचें मूळ तेथें आहे असें आमचें मत झालें आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ सालीं सुरू झाली. पुढें २०२३ च्या खरिपापासून आपल्या राज्यांत एका रुपयांत पीकविमा मिळूं लागला. ती सवलत २०२५ च्या खरिपापासून बंद झाली व अन्नधान्याच्या पिकास विमा-रकमेच्या दोन टक्के हिस्सा शेतकऱ्यास पुन्हां भरावा लागूं लागला. त्या विम्यांत मंडळाचें सरासरी उत्पन्न पीक कापणी प्रयोगावरून ठरतें. ते प्रयोग करतांना आम्ही स्वतः बांधावर उभे राहिलों आहोंत, म्हणून खात्रीनें लिहितों. तेथें शेतकऱ्यानें अर्जांत काय लिहिलें यापेक्षां मंडळांत काय पिकलें यालाच अधिक महत्त्व असतें. धंद्याचा विमा याच्या अगदीं उलट आहे. तेथें मंडळ नाहीं, सरासरी नाहीं, सरकारी हिस्सा नाहीं. आपण अर्जांत जें लिहिलें तें, आणि जें लिहिलें नाहीं तें, यांवरच सर्व कांहीं ठरतें. एका रुपयाच्या विम्याची संवय लागलेला मनुष्य हा अर्ज एजंटाकडे सोपवून मोकळा होतो.

आमच्या एका भाच्यानें पडघ्याच्या बाजूस बँकेच्या कर्जावर लहानशी भातगिरणी घातली. कर्ज मंजूर होतांना बँकेनें शेड, यंत्रें व माल यांचा आगीचा विमा मागितला. भाचा आमच्याकडे अर्ज घेऊन आला व म्हणाला, "मामा, तुमचा सारा जन्म कागदांत गेला, तुम्हीच भरून द्या." आमचें शिक्षण मराठी शाळेंतलें. इंग्रजी अर्ज आम्हीं एजंटाच्या मदतीनें वाचला, आणि किंमतीच्या रकान्याशीं आलों तेव्हां आमच्या हातून जी चूक झाली ती केवळ संवयीची होती. महसूल खात्यांतील तीस वर्षांच्या चाकरींत आम्हीं किंमती कमी सांगणारे लोकच पाहिले. घरपट्टी असो, मुद्रांक असो, जो तो आंकडा खालीं ओढतो. तीच चाल येथें आम्हीं चाललों. आज नव्यानें उभी करावयाची तर ज्या शेडीला व यंत्रांना वीस लाख लागले असते, त्यांची किंमत आम्हीं बारा लाख लिहिली व हप्ता कमी बसविल्याचें समाधान मानलें.

२०१८ च्या डिसेंबरांत, ऐन भरडाईच्या दिवसांत, एका रात्रीं मोटार जळाली. ठिणगी तुसांत पडली आणि अर्धी शेड गेली. माणूस कोणी दगावला नाहीं ही देवाची कृपा. सर्व्हेअर आला. त्यानें शेड व यंत्रें यांचें नुकसान पांच लाखांचें धरलें. यांत मोटार नव्हती. कारण विजेचें यंत्र स्वतःच्याच दोषानें जळालें तर तें यंत्र विम्यांत बसत नाहीं, त्यापासून पसरलेली आग मात्र बसते. मग त्यानें सांगितलें कीं वीस लाखांच्या मालमत्तेचा बारा लाखांनाच विमा उतरलेला आहे, म्हणजे शंभरांत साठच. तेव्हां उरलेल्या चाळीस हिश्श्यांचे विमेदार आपण स्वतः आहांत. पांच लाखांचे तीन लाख झाले. आम्हांला वाटत होतें कीं नुकसान बारा लाखांच्या आंत आहे तर तें पुरें मिळेल. ही समजूत आजही दहांपैकीं आठ जणांची असेल.

बरें, ते तीन लाख तरी भाच्याच्या हातीं आले काय? आले नाहींत. पॉलिसीवर बँकेचें नांव होतें, रक्कम सरळ कर्जखात्यांत जमा झाली. बँकेनें कांहीं वावगें केलें असें नाहीं. तिनें विमा मागितला तो याचसाठीं. कर्ज तेवढें कमी झालें, पण शेड उभी करण्यास हातांत पैसा नव्हता.

याहून मोठी गोष्ट पुढेंच आहे. गिरणींत त्या रात्रीं सत्तावीस घरांचें भात भरडाईसाठीं येऊन पडलेलें होतें. तें भात भाच्याचें नव्हे, लोकांचें. अर्जांत मालाच्या रकान्यांत आम्हीं "भात व तांदूळ" एवढेंच लिहिलें होतें. सर्व्हेअरनें विचारलें, "हा माल कोणाचा?" भाच्यानें खरें तें सांगितलें. दुसऱ्याचा माल आपल्या ताब्यांत असेल तर तसें पॉलिसींत स्पष्ट नमूद करावें लागतें. नमूद नसेल तर तो विम्याबाहेर. म्हणजे वर्षभराचें खाण्याचें भात ज्यांनीं विश्वासानें आणून टाकलें त्यांना कंपनीकडून एक दाणाही नाहीं. भाच्यानें दोन हंगाम आपल्या शेताचें भात मोजून दिलें व बाकीचें रोखीनें फेडलें. पंचवीस घरांशीं संबंध पूर्ववत् झाले. दोन घरें अजून बोलत नाहींत, आणि आमच्या मतें त्यांचा राग सकारण आहे. त्या रकान्यांत "इतरांचें भरडाईस आलेलें भात" हे चार शब्द घालण्याचें काम आमचें होतें.

हें आत्मपुराण येवढें लांबविलें तें अशासाठीं कीं, यांतून जी गोष्ट आम्हांस दिसली ती पुढें प्रत्येक प्रकारच्या विम्यांत दिसत गेली. जो विमा मागतो, तो आपल्या स्वतःपुरता, किंवा ज्याचा पक्ष त्यानें घेतला त्याच्यापुरता मागतो. बँक बँकेपुरता मागते, कायदा परक्यापुरता मागतो, भाडेकरू आपल्या मालापुरता उतरवितो. धंदा काढणाऱ्या शेतकऱ्यासाठीं विमा मागणारें कोणीच नाहीं; तो त्यानें स्वतःच मागितला पाहिजे.

कायद्याची सक्ती लोक समजतात त्यापेक्षां थोडी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणें रस्त्यावरील प्रत्येक वाहनास परक्याच्या इजेचा विमा लागतो. येथें "परका" हा शब्द नीट ध्यानांत धरावा. आपल्या टेंपोचें स्वतःचें नुकसान त्यांत नाहीं, तो विमा निराळा. शेतीच्या वापरासाठीं विमा उतरलेला ट्रॅक्टर भाड्यानें विटा किंवा रेती वाहूं लागला, किंवा ट्रॉलींत मजूर बसवून निघाला, आणि अपघात झाला, तर कंपनी वापर बदलल्याचें कारण दाखवून हात आंखडते. असे खटले कोर्टांत किती तरी गेले आहेत. घातक रसायनें बाळगणाऱ्यास भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर झालेल्या १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्यानें सक्ती आहे. आणि दहा किंवा अधिक माणसें कामास असतील तर राज्य विमा योजना, म्हणजे ई.एस.आय., लागू होते. तिचे २०१९ सालीं ठरलेले दर मालकास मजुरीच्या सव्वातीन टक्के व मजुरास पाऊण टक्का असे आहेत.

दहांपेक्षां कमी माणसें असलेल्या मालकाची स्थिति सर्वांत धोक्याची आहे, व आपले बहुतेक वाचक याच वर्गांत येतात. येथें कायदा देणें लादतो, पण तें देणें भागविण्याचा विमा काढलाच पाहिजे असें त्यास सांगत नाहीं. कामावर असतांना मजूर मेला किंवा जायबंदी झाला तर भरपाई मालकानें द्यावी हें तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कायद्यानें आलें. आतां तें २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेंत समाविष्ट झालें आहे. रक्कम किती होते तें पाहावें. मृत्यु झाल्यास मासिक मजुरीची निमपट धरून तिला वयाप्रमाणें ठरविलेल्या अंकानें गुणतात. २०२० सालीं या हिशेबासाठीं मजुरीची मर्यादा पंधरा हजार ठरली. तीस वर्षांच्या मजुराचा अंक २०७.९८, म्हणजे साडेसात हजार गुणिले २०७.९८, एकूण रुपये १५,५९,८५०. चार मागांच्या धन्यानें किंवा हलर चालविणाऱ्यानें ही रक्कम कोठून आणावी? जमीन विकूनच. आणि याच जोखमीचा विमा, चार-सहा माणसांपुरता, पुष्कळांना वाटतो तितका महाग नाहीं. तो कोणी मागत नाहीं म्हणून कोणी काढीत नाहीं. मजूर परप्रांतीय आहे, त्याचें येथें कोणी नाहीं, असें म्हणून ही गोष्ट टाळणारे गृहस्थ आम्हांस भेटले आहेत. त्यांना उत्तर देण्याची आमची इच्छा नाहीं.

कर्जाच्या बाबतींत आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. तारण न घेतां लहान उद्योगास कर्ज देतांना बँक बहुधा हमी निधीची फी लावते. हा निधी २००० सालीं केंद्र सरकार व सिडबी यांनीं उभा केला. पुष्कळ लोक ही फी म्हणजे आपल्या कर्जाचा विमाच समजतात व धंदा बुडाला तर कर्ज आपोआप फिटेल असें मानतात. हमी बँकेस आहे. निधीनें बँकेस पैसे दिले तरी कर्जदाराचें देणें जसेंच्या तसें राहतें आणि वसुली चालूच असते.

आतां गाळे भाड्यानें देणाऱ्यांविषयीं. आपल्या तालुक्यांत हेच लोक अधिक, व ते स्वतःस धंदेवाले समजतच नाहींत. "आम्ही नुसतें भाडें घेतों" असें म्हणतात. भाडेकरूचा विमा असतो हें खरें, पण तो त्याच्या मालाचा. भिंती, छप्पर, विजेची जोडणी आणि गाळा बंद पडल्यावर बुडणारें भाडें यांतलें कांहींही त्यांत येत नाहीं. मालकानें स्वतःची पॉलिसी घेतली असली तरी तिच्यांत गाळ्यांत काय ठेवलें आहे याचें वर्णन असतें. कापड म्हणून लिहिलें, आणि भाडेकरूनें मागल्या दारानें थिनरचीं किंवा रसायनाचीं पिंपें आणून ठेवलीं, तर तें वर्णन खोटें ठरतें. मालकास माहीत नव्हतें ही सबब कितपत टिकेल याचा ज्यानें त्यानें विचार करावा. एकत्र ठेवूं नये तें एकत्र ठेवल्यास काय होतें हें मुंबईनें १४ एप्रिल १९४४ रोजीं पाहिलें आहे. गोदींतील 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर कापसाच्या गासड्या व दारूगोळा एकत्र होता. आग लागली, स्फोट झाले, आणि आसपासच्या वखारी उद्ध्वस्त झाल्या. त्या वेळीं भरपाईसाठीं सरकारला स्वतंत्र वटहुकूम काढावा लागला. आपल्या गाळ्यासाठीं कोणी वटहुकूम काढणार नाहीं. भाडेपट्ट्यांत कोणता माल ठेवावयाचा तें लिहून घ्यावें, तोच मजकूर पॉलिसींत असावा, आणि महिन्यांतून एकदां स्वतः कुलूप उघडवून आंत पाहावें. पुष्कळ मालकांना भाडें बँकेंत आपोआप जमा होत असल्यामुळें गाळ्याचें दार पाहून वर्ष लोटलेलें असतें. गाळा रिकामा राहिला तरी कंपनीस कळवावें; कित्येक करारांत तीस दिवसांहून अधिक काळ इमारत रिकामी राहिल्यास संरक्षण थांबतें असें कलम असतें.

२९ एप्रिल २०२३ रोजीं आपल्याच तालुक्यांत वळपाडा येथें खालीं गोदाम व वर कुटुंबें असलेली इमारत कोसळून आठ जण मृत्युमुखीं पडले. त्या प्रसंगाच्या कारणांत व दोषांत आम्ही येथें शिरत नाहीं. एवढेंच सांगतों कीं जुनाटपणानें किंवा सदोष बांधकामानें इमारत पडणें हें आगीच्या पॉलिसींत बसत नाहीं, व मेलेल्या परक्या माणसांची जबाबदारी ही आणखी तिसरीच गोष्ट आहे. आगीचा विमा आहे म्हणून सर्व कांहीं झांकलें गेलें असें मानणाऱ्यांनीं हें लक्षांत घ्यावें. आणि आमच्या जुन्या खात्याची एक गोष्ट: बिनशेतीचे नियम गेल्या कांहीं वर्षांत बरेच सैल झाले असले तरी बांधकामाची परवानगी, सात-बारावरील नोंद व पॉलिसींतील पत्ता आणि क्षेत्र हीं एकमेकांशीं जुळलींच पाहिजेत. आग लागल्यावर जो कागद प्रथम मागतात तो हाच. दोन गट नंबरांवर पसरलेल्या शेडीचा विमा एकाच गट नंबरावर उतरलेला आम्हीं प्रत्यक्ष पाहिला आहे.

यावर नेहमींचा आक्षेप असा कीं कंपन्या घेतांना हात जोडतात व देतांना तोंड फिरवितात, मग हप्ता भरावा कशाला? या आक्षेपांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. इंग्रजी बारीक अक्षरांतील तीस पानें शेतकऱ्याच्या हातीं देऊन "आपण सर्व वाचून मान्य केलें आहे" अशी सही घेणें हा सरळ व्यवहार नव्हे. पण आमच्या भाच्याच्या प्रकरणांत कंपनीचा दोष शोधूं गेलों तर तो सांपडत नाहीं, आणि आमचा मात्र सांपडतो. शिवाय मध्यंतरीं कांहीं गोष्टी सुधारल्याही आहेत. १ एप्रिल २०२१ पासून लहान उद्योगांसाठीं 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' या नांवाची ठराविक मजकुराची पॉलिसी सर्व कंपन्यांनीं देण्याचें ठरलें. एका ठिकाणची मालमत्ता पांच कोटींपर्यंत असेल तर ती घेतां येते. आग, पूर, वादळ, भूकंप, दंगल हीं सर्व मुळांतच तिच्यांत आहेत. ज्या गांवानें १९७० व १९८४ च्या दंगली आणि २६ जुलै २००५ चा पूर पाहिला त्यास याचें महत्त्व वेगळें सांगावयास नको. किंमत पंधरा टक्क्यांपर्यंत कमी लिहिली गेली असल्यास तिच्यांत कपात होत नाहीं. आमच्यासारखी चाळीस टक्क्यांची चूक मात्र तीही पोटांत घालणार नाहीं. हप्त्याविषयीं एक सूचना: १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबी प्रमाणें हप्ता आधीं पोंचल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाहीं. तेव्हां एजंटाच्या हातीं रोख पैसे देऊन पावतीची वाट पाहत बसूं नये. आणि दावा नाकारला गेला तर वर्षाच्या आंत विमा लोकपालाकडे अर्ज करतां येतो. त्यास फी नाहीं, वकील लागत नाहीं, व २०२३ पासून पन्नास लाखांपर्यंतचे तंटे तेथें चालतात. सूक्ष्म उद्योगांनाही हें दार उघडें आहे, हें फार थोड्यांना ठाऊक आहे.

मात्र प्रत्येकानें एकट्यानें हे कागद वाचावे अशी अपेक्षा करणें आम्हांस व्यर्थ वाटतें. आम्हांलाच तें साधलें नाहीं. बियाणें व खतें यांच्या बाबतींत जें काम आपला संघ करतो तेंच येथें करावें. भातगिरणी, यंत्रमाग, गाळा व टेंपो या चार धंद्यांच्या अर्जांतील प्रश्न मराठींत करून या मासिकांत छापावे, आणि दर तीन महिन्यांनीं एक दिवस सभासदांच्या पॉलिस्या संघाच्या कचेरींत वाचून दाखवाव्या. त्यासाठीं कोणा तज्ज्ञास बोलवावें लागेल व त्याचा मेहनताना द्यावा लागेल. तो खर्च सभासदांनीं वांटून घेतला तर एकेकाच्या वांट्यास एका खताच्या गोणीपेक्षां जास्त येणार नाहीं. संघानें स्वतः एजंटगिरी घेऊं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. कमिशन आलें कीं वाचून दाखविणाराचा आवाज बदलतो.

या आशयाचा ठराव आम्ही पुढील मासिक सभेपुढें मांडणार आहोंत. ज्यांचा धंदा चालू आहे त्यांनीं येतांना पॉलिसीचा पहिला कागद, जेथें नांव, जागा, माल व रक्कम लिहिलेली असते तो, आणि चालू सात-बारा बरोबर आणावा. आम्ही भाच्याचा जुना अर्जही आणणार आहोंत. तो आमच्याच अक्षरांत आहे.